मोबाईलला शिव्या देण्याआधी कपाटाचं कुलूप काढा

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
मराठवाड्यातली गावोगावची सार्वजनिक ग्रंथालयं

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन येतो, आणि दोन्ही वेळेला तुमच्या व्यासपीठावरून एकच भाषण होतं. वक्ते बदलतात, भाषण तेच. मोबाईलने वाचन संपवलं, तरुण पिढी वाया गेली, पुस्तकं धूळ खात पडली. मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पेपरची एजन्सी चालवतो आणि बसस्टँडजवळ माझा पुस्तकांचा स्टॉल आहे. कार्यक्रमाच्या दिवशी पुस्तकांचं टेबल लावायला मला बोलावणं असतं, त्यामुळे ते भाषण मला पाठ झालंय. धूळ खरी आहे. ती मोबाईलने आणून टाकली, हे मात्र मला पटत नाही.

माझं पोट याच धंद्यावर आहे, हे आधीच सांगून टाकतो. पहाटे गाडीतून उतरणारे पेपरचे गठ्ठे माझ्या डोळ्यांदेखत पातळ होत गेले. मासिकं आणि साप्ताहिकं तर मागवायचीच बंद केली, कारण परतीचे अंक बांधण्यातच वेळ जायचा. तेव्हा मोबाईलवर राग धरायचा झाला तर तुमच्याआधी मी धरायला पाहिजे. पण दुकानात बसून रोज जे दिसतं ते वेगळंच आहे. लोक वाचतायत. आमच्या गावात पूर्वी कधीच इतक्या लोकांनी रोज इतकं वाचलेलं नसेल.

खोटं वाटत असेल तर सकाळी मोंढ्यात एक चक्कर मारा. अडत्याच्या ओट्यावर बसलेला माणूस लातूर बाजारातला सोयाबीनचा भाव वाचत असतो. शेजारचा माणूस हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या पंजाब डखांचा पावसाचा अंदाज कुणीतरी टाइप करून टाकलेला असतो तो वाचतो, आणि त्यावर दोघांची वादावादी होते. पीक विम्याच्या शासन निर्णयातली अट कोणत्या पानावर आहे, हे तलाठ्याआधी शेतकऱ्याला ठाऊक असतं. 2024 साली लाडकी बहीण योजना आली तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायांनी तिचा शासन निर्णय ओळीओळीने वाचला आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरून एकमेकींना समजावलं. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा एकदम स्वस्त झाला, त्यानंतर दोन-तीन वर्षांतच हे चित्र पालटलं. त्याआधी शासन निर्णय नावाची चीज पंचायत समितीच्या टेबलावरच असायची.

आणि 2023 चं आठवा. ऑगस्टच्या अखेरीस अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं, पुढे कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती बसली, आणि जिल्हा प्रशासनांनी सापडलेल्या नोंदींची पानं स्कॅन करून संकेतस्थळांवर टाकली. आरक्षणाच्या वादात मी पडत नाही, तो या पत्राचा विषय नाही. मला सांगायचंय ते वाचनाबद्दल. माझ्याकडे आजवर एकही पेपर विकत न घेतलेले, साठी ओलांडलेले एक शेतकरी त्या दिवाळीच्या सुमारास दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. फोनवर जुन्या रजिस्टरचं पान उघडलेलं. पान तपकिरी पडलेलं, कडा खाल्लेल्या, मोडी लिपीच्या ओळी उजवीकडे झुकलेल्या. ते दोन बोटांनी पान मोठं करायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे, पुन्हा खाली घ्यायचे. त्यांना मोडी येत नव्हती. पण आपल्या गावाचं नाव कुणाकडून तरी मोडीत कागदावर लिहून आणलं होतं आणि त्या आकाराशी एकेक शब्द ताडून बघणं चाललं होतं. “हे बगा, हे आमचं गाव हाय का नाही?” मला तरी कुठे मोडी येते! दोघांनी मिळून बराच वेळ डोकं लावलं. गिऱ्हाईकं आली, गेली.

त्या काही महिन्यांत मोडी आणि जुनी उर्दू वाचणाऱ्यांना जिल्ह्याजिल्ह्यांत शोधत फिरावं लागलं, कारण निजामाच्या महसुलाची कितीतरी दप्तरं उर्दूत आहेत. लोक आपल्या पणजोबांचा कागद स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला निघाले होते. मराठवाड्यातल्या वाचनालयांसाठी याहून मोठी संधी कधी चालून आली होती? आठवड्याला एक तास मोडीचा वर्ग लावला असता तरी दारात चपलांचा ढीग लागला असता. माझ्या माहितीतल्या एकाही वाचनालयाने तो लावला नाही. पुढच्या फेब्रुवारीत मात्र भाषण झालं, मोबाईलमुळे वाचन संपलं म्हणून.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल एजंट मोबाईलवाल्यांना फितूर झाला.

तुटलं ते सलग वाचन. 2020 च्या टाळेबंदीत घरोघर पेपर टाकायला बंदी आली आणि पेपरची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरायला लागली. बंदी उठली, पण गेलेली बरीच गिऱ्हाईकं परतली नाहीत. फुकटात अख्खा पेपर मिळतो तर पैसे कशाला, हे त्यांचं म्हणणं मला समजतं. गंमत पुढे झाली. अख्खी पीडीएफही कुणी वाचेना. आता फिरतं ते कात्रण. आपल्या गावची बातमी, आपल्या पाहुण्याच्या निवडीचं अभिनंदन, आपल्या नेत्याचा फोटो. तेवढाच चौकोन कापून स्टेटसला लागतो. पेपर म्हणजे पंगतीचं ताट होतं. कोशिंबीर नको असली तरी वाढलेली असायची आणि बोलता बोलता चार घास पोटात जायचे. खेळाचं पान उघडायला निघालेला माणूस वाटेत अग्रलेखावर अडखळायचा, कापसाच्या भावाची बातमी शोधताना कुठल्यातरी देशातल्या निवडणुकीवर नजर जायची. न मागितलेलं वाचायची ती सवय गेली. फोन तुम्हाला जे आवडतं तेच पुढे करतो, आणि आवडलेलं वाचून झालं की त्याच्यासारखंच दुसरं.

मथळ्याचं तर विचारूच नका. “बातमी वाचली का?” म्हटलं की “हो, बघितली” असं उत्तर येतं. बघितली म्हणजे मथळ्याचा फोटो बघितला. खाली काय लिहिलंय ते वाचायच्या आत माणूस पुढच्या तिघांना पाठवून मोकळा.

यातून काय होतं ते आपण भोगलेलं आहे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. ती अफवा फोनवरून फोनवर गेलेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घालायचं जाहीर केलं. कंपनीने तेवढं केलं. वाचणाऱ्याने काय करायचं, ते कुणी शिकवलं?

हे शिकवायचं काम मराठवाड्यात पूर्वी झालेलं आहे. ज्ञानेश्वरीच्या नकला हाताने होत होत्या, प्रत्येक नक्कल करणारा दोन शब्द आपले घालत होता, दोन गाळत होता, आणि तीनशे वर्षांत पाठ बिघडत गेला होता. पैठणच्या एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, पोथ्या जमवल्या, ताडून बघितल्या आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. वर बजावून ठेवलं की यात कुणी आपली ओवी घालू नये. ‘आला तसा पुढे पाठवला’ या रोगावर उतारा काय, ते आपल्याच माणसाने दाखवून ठेवलंय. चार प्रती शेजारी ठेवा, कोणती जुनी ते बघा, मग बोला. हे करायला जागा लागते, चार पुस्तकं लागतात आणि सांगणारं माणूस लागतं. तिन्ही गोष्टी तुमच्याकडे आहेत. नसल्या तर असायला हव्यात.

दर 17 सप्टेंबरला माझ्या फोनवर मुक्तिसंग्रामाचे संदेश धो धो येतात. त्यातल्या एकात मराठवाडा 1960 साली मुक्त झाला असं होतं. खाली तिरंगा, हात जोडल्याची चित्रं. पाठवणारा बारावीतला मुलगा, आमच्याच लाईनवरचा, सकाळी पेपर टाकणारा. मी त्याला म्हटलं, बाबा, पोलीस कारवाई 13 सप्टेंबर 1948 ला सुरू झाली, 17 ला निजाम शरण आला, 1956 ला आपण हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, 1960 ला महाराष्ट्र झाला. तो म्हणाला, “हे कुठं लिहिलंय?” प्रश्न अगदी रास्त होता. मी त्याला वाचनालयात पाठवलं. तो परत आला. मुक्तिसंग्रामाची पुस्तकं संदर्भ विभागातल्या कपाटात, कपाटाला कुलूप, चावी ग्रंथपालांकडे, ग्रंथपाल बैठकीला. रात्री पुन्हा गेला तेव्हा वाचनालय बंद झालेलं होतं.

लोकांनी मुठी मुठी वर्गणी काढून ही वाचनालयं उभी केली तेव्हा निजामाचा सरकारी कारभार उर्दूत होता, साध्या सभेलाही परवानगी लागायची, आणि मराठी पुस्तक एका ठिकाणी ठेवून चारचौघांनी वाचणं हेसुद्धा धाडस होतं. पुढे 1955 चा हैदराबाद राज्याचा ग्रंथालय कायदा आला, मग 1967 चा महाराष्ट्राचा. अनुदान आलं, अ-ब-क-ड वर्ग आले, तपासणी आली. तपासणीला रजिस्टर लागतं, रजिस्टरला सही लागते. हळूहळू वाचनालय सहीसाठी उघडं राहू लागलं. अनुदान किती तुटपुंजं आहे आणि ग्रंथपालाला हातात काय पडतं, हे मला माहीत आहे. त्या माणसावर माझा रोख नाही. निर्णय तुम्ही घेता, म्हणून पत्र तुम्हाला.

अभ्यासिकेबद्दल थोडं सविस्तर बोलायचंय. आज तुमच्याकडे गर्दी असते ती तिथेच. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी भरती. पोरं-पोरी सकाळी डबा घेऊन येतात, दिवसभर बसतात. तुमचं एकही पुस्तक ती उघडत नाहीत, असं तुम्ही तक्रारीच्या सुरात सांगता. ती वाचतात काय, तर टेलिग्रामवरून उतरवलेल्या नोट्स, सहा इंचांच्या पडद्यावर, जोरात, वेळ लावून. आता हे बघा. 2018 साली स्पेन आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी 2000 ते 2017 मधले 54 अभ्यास एकत्र करून पाहिले, दीड लाखांहून जास्त वाचक त्यात होते. माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर जास्त चांगला समजतो असं निघालं, आणि घड्याळ लावून वाचायचं असेल तेव्हा हा फरक वाढतो. गोष्टीच्या बाबतीत तसा फरक सापडला नाही. म्हणजे आपण नेमकं उलटं चालवलंय! जे कागदावर वाचायला हवं ते पोरं फोनवर वाचतात, आणि जे फोनवरही सुखाने वाचता येईल त्या कथा-कादंबऱ्या तुम्ही कपाटात जपून ठेवल्यात. अभ्यासिकेत एक साधा प्रिंटर ठेवा, पानामागे खर्चापुरते पैसे घ्या. आणि विश्वकोशाचे वीस खंड कपाटात मिरवण्यापेक्षा ते सगळे फोनवर फुकट शोधता येतात, हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा. अभ्यासिकेतल्या निम्म्या पोरांना ते माहीत नाही, मी विचारून बघितलंय.

बायकांचा विषय तुमच्या सभेत कधी निघतो का, कोण जाणे. आमचं वाचनालय भर चौकात आहे. खाली पानटपरी, बाहेर बाकड्यावर दिवसभर पुरुष. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडं, म्हणजे नेमकं बायकांच्या स्वयंपाकाच्या वेळेला. मग त्या तिथे कशा येणार? माझी सून फोनवर भागांच्या कथा वाचते. प्रतिलिपीसारख्या ॲपवर एकेका कथेचे शंभर-शंभर भाग असतात, लिहिणाऱ्याही बहुतेक बायकाच. भाजी शिजेपर्यंत एक भाग, लेकरू झोपलं की दोन. त्यातलं बरंचसं लिखाण मला सुमार वाटतं, पण सुमार कादंबऱ्या तर स्टॉलवर मीही ढिगाने विकल्या, तेव्हा कुणी त्याला वाचन संपलं असं म्हटलं नाही. दुपारी दोन ते चार वाचनालय फक्त महिलांसाठी उघडा. महिनाभर करून बघा.

कागदच पवित्र असं मानायचं काही कारण नाही. अंबाजोगाईच्या संत दासोपंतांनी ‘पंचीकरण’ हा ग्रंथ कापडाच्या लांबलचक पासोडीवर लिहिला, आणि ती पासोडी आजही जपलेली आहे. ऐकण्याचंही तसंच. श्रावणात आपल्याकडे पोथी लागते तेव्हा एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, आणि त्याला आपण पोथी ‘वाचली’ असंच म्हणतो. मग ट्रॅक्टर चालवताना कानात कादंबरी ऐकणाऱ्या पोराला नावं का ठेवायची?

आता फोनमध्ये जे सापडत नाही त्याकडे येतो, कारण या पत्राचं खरं कारण तेच आहे.

आमच्या गावाचं नाव टाकून शोधा. पिन कोड मिळेल, लोकसंख्या मिळेल, हवामान मिळेल, रस्त्याच्या कामाच्या दोन-चार बातम्या मिळतील. 1972 च्या दुष्काळात इथे कुठलं काम निघालं होतं, मुक्तिसंग्रामात इथून कोण तुरुंगात गेलं, हे मिळणार नाही. ते आहे, पण तुमच्या कपाटात आहे. शाळांच्या स्मरणिका, नगरपालिकेचे जुने अहवाल, वाचनालयाच्या सुवर्ण महोत्सवाचा अंक, कुणा स्वातंत्र्यसैनिकाने स्वतःच्या पैशाने छापलेली साठ पानांची आठवण. मराठवाड्यातला माणूस दिवसभर वाचतो, पण त्याच्या वाचनात मराठवाडा फार थोडा असतो. पुण्या-मुंबईचं ढीगभर, दिल्लीचं त्याहून जास्त. जे फोनवर नाही ते नव्या पिढीसाठी जगातच नाही, आणि तुम्ही ते कुलपात ठेवून पिढीला दोष देता.

यातलं बरंच काही उद्या सकाळी करता येईल. लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षं होऊन गेली की त्याचं लेखन सगळ्यांना खुलं होतं. आणि स्मरणिका, अहवाल जर वाचनालयानेच काढले असतील, तर परवानगी द्यायला तुम्हीच आहात, आतल्या लेखकांना किंवा त्यांच्या घरच्यांना तेवढं विचारून घ्या. गावातले आहेत, चहाला बोलावलं तरी काम होईल. स्कॅनर नसला तरी चालेल, फोनच्या कॅमेऱ्याने पान सपाट धरून चांगला फोटो येतो. अभ्यासिकेतली पोरं हे काम हौसेने करतील.

सूचीचंही तेवढं बघा. आमच्या वाचनालयाने पुस्तकांची यादी संगणकावर घेतली, कौतुकाची गोष्ट. पण ती जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. फोनवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि खुणांची खिचडी दिसते, आणि शोधायला गेलं तर काहीच सापडत नाही. युनिकोडमध्ये ती बदलून घ्यायला फार दिवस लागत नाहीत. यादी एकदा बदलली की व्हॉट्सॲपवर टाका. लोकांना पुस्तक आहे हे कळलं तर ते मागायला येतील. दिवाळी अंकांची यादी मी टाकतो तेव्हा येतात, म्हणून सांगतो.

वेळ बदला. रात्री दहापर्यंत एक दिवाबत्तीचं बिल जास्त येईल, त्यासाठी वर्गणी काढायची तर पहिलं नाव माझं घाला. माझ्याकडे जुन्या पेपरांची, स्थानिक साप्ताहिकांची बांधलेली बाडं आहेत, वडिलांच्या वेळेपासूनची. रद्दीवाल्याने दोनदा विचारलं, दिली नाहीत. फोटो काढायला ती घेऊन जा, पण न्यायच्या आधी कपाट उघडं करा, पुन्हा कुलपात जाणार असतील तर माझ्या माळ्यावरच बरी.

वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस लवकरच निघेल. हे पत्र विषयपत्रिकेवर घ्या, आणि हिशेब मंजुरीच्या लगेच खाली घ्या. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात टाकू नका. तिथवर येईपर्यंत निम्मे सभासद चहाला उठलेले असतात, आणि उरलेले फोन बघत बसतात.

आपला,
एक पेपर एजंट व आजीव सभासद,
परभणी जिल्हा